यंत्राला कंटाळा शिकवताना

मी नोकरी काय केली, हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. कुणी बँकेत होते म्हटलं की लोक समाधानाने मान डोलावतात. मी म्हणते, "यंत्रांना कंटाळायला शिकवायचे." त्यावर समोरचा माणूस आधी हसतो, मग मी चेष्टा करत नाही हे लक्षात आलं की विषय बदलतो. आमच्या प्रभादेवीच्या इमारतीतल्या एका काकूंनी तर सरळ विचारलं, "म्हणजे बिघडवायचीस का गं?" त्यात थोडं तथ्य आहे.

काम समजायला अवघड नाही. यंत्राला शिकवायचं म्हणजे त्याला गुण द्यायचे. नीट केलं की गुण वाढतात, चुकलं की कमी होतात, आणि गुण वाढतील तसं ते वागायला लागतं. पण एका खोलीत चाकांची गाडी सोडली आणि म्हटलं, "पलीकडच्या कपाटापाशी पोचलीस तरच गुण," तर ती पहिल्या खुर्चीशीच अडून बसते. कपाट तिने कधी पाहिलेलंच नाही, तर गुण मिळणार कुठून? रांगतं मूल असं अडत नाही. त्याला कपाटाशी काही देणंघेणं नसतं. ते वाटेतला तांब्या उलटा करतं, चप्पल चाटून बघतं, पडद्यामागे काय आहे ते पाहतं, आणि असं करता करता कपाटापर्यंत कधीचं पोचलेलं असतं. ही स्वतःच्या हौसेने चाललेली खटपट यंत्रात गणित म्हणून कशी घालायची, हा आमचा धंदा होता.

मी लालबागची. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणायचे. संप सुरू झाला तेव्हा मी बारावीला होते. तो कधी संपला ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. गिरणी मात्र बाबांसाठी पुन्हा उघडली नाही. शिकवण्या घेत मी गणितात एम. एस्सी. केलं आणि काही वर्षांनी परळमधल्या एका छोट्या संशोधन संस्थेत लागले. जुनी इमारत, तिसरा मजला, चार टेबलं, दोन संगणक आणि आमचे प्रमुख देवधर सर. सर पुण्याचे. फार हुशार, आणि त्यांचा चहा गार झाला की सगळ्या विभागाचा दिवस वाईट जायचा.

आमच्या गाडीचं नाव भिंगरी. पाटाएवढी, तीन चाकांची, वर एक कॅमेरा. सरांनी तिच्यासाठी सूत्र मांडलं ते असं: पुढच्या क्षणी काय दिसेल याचा भिंगरीने आधी अंदाज करायचा. अंदाज चुकला की गुण. जेवढी मोठी चूक, तेवढे जास्त गुण. म्हणजे जिथे तिला काही माहीत नाही, तिथे ती आपणहून जाईल.

पहिले दोन आठवडे आमच्या आनंदाला पारावार नव्हता. भिंगरी खुर्चीभोवती फिरली, कंटाळून टेबलाखाली गेली, कचऱ्याची टोपली तिने पाडली आणि ती गडगडत कुठे जाते ते पाहत राहिली. कुणीही सांगितलेलं नसताना! मी घरी आईला रोज तिच्या खोड्या सांगायचे.

मग मार्च महिना आला आणि आम्ही गॅलरीचा दरवाजा उघडा ठेवायला लागलो. गॅलरीच्या गजांपलीकडे एक भला मोठा पिंपळ होता. पिंपळाचं पान वारा नसतानाही हलतं, हे आपल्याला माहीत असतं. भिंगरीला ते त्या दिवशी कळलं. ती गजांपाशी गेली आणि उभी राहिली ती राहिलीच. हजार पानं, प्रत्येक आपल्या तालात हलणारं. पुढच्या क्षणी काय दिसेल याचा अंदाज दर वेळी चुकणार, आणि दर वेळी भरघोस गुण मिळणार. तिच्या दृष्टीने जगात याहून चांगली जागा नव्हती.

नेमकी त्याच आठवड्यात पाहणीसाठी समिती आली. तिघे जण होते. काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, हे त्यांच्या हातात होतं. सरांनी अर्धा तास फळ्यावर समजावलं आणि मग सगळे भिंगरीकडे वळलो. भिंगरी पिंपळ बघत होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. समितीतले वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाले, "बाई, तुमची गाडी हवापालटाला आली आहे का?"

तीन महिन्यांची मुदत मिळाली. ते गेल्यावर सर म्हणाले, "सोपं आहे. दरवाजा बंद करा."

मी केला. भिंगरी टेबलफॅनपाशी जाऊन उभी राहिली. फॅनच्या जाळीला कुणीतरी कागदाची पट्टी बांधली होती, ती फडफडत होती. फॅन बंद केला. मग एक फडफडणारी ट्यूबलाइट तिने शोधून काढली.

"ट्यूब बदलून घ्या," सर म्हणाले.

"सर, समितीच्या दिवशी खोलीत काहीच हलणार नाही अशी व्यवस्था करता येईल," मी म्हटलं. "पण मग आपण केलं काय?"

सरांचा चहा गार झाला.

हे मी घरी बोलले असणार, कारण एका रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "सरू, ती तुझी गाडी माका दाखव तरी." बाबा मालवणचे. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही घरात मधूनच त्यांची बोली डोकवायची. मी त्यांना परळला घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जिन्यात त्यांनी मला दोनदा विचारलं की साहेब रागावणार तर नाहीत ना. रविवारी साहेब नसतात, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

मी गॅलरीचा दरवाजा उघडला आणि भिंगरी सुरू केली. थोडं इकडेतिकडे करून ती गजांपाशी गेली. बाबा स्टुलावर बसून पाहत होते. मग म्हणाले, "हिचा संप चाललाय गो."

मी हसले. ते हसत नव्हते.

"संपात मी सकाळी चहा घेऊन नाक्यावर जायचो, आठवतं तुला? तिथे रोज नवी बातमी. आज बोलणी होणार. उद्या गेट उघडणार. परवा कुणीतरी फुटला. रोज ऐकून आश्चर्य वाटायचं. आणि संध्याकाळी घरी येताना डोक्यात काय, तर सकाळी होतं तेवढंच. काय्येक कळलेलं नाय. पण पाय निघायचा नाय. वाटायचं, उद्या कळेल."

ते दिवस मला आठवत होते. बाबा नाक्यावरून यायचे आणि आई काही न विचारता ताट वाढायची.

"मग तुम्ही तिथून निघालात कसे?"

"हिरामणकडे गेलो ना जाळी विणायला." हिरामण म्हणजे त्यांच्या साच्यावरच्या सोबत्याचा मेहुणा, कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहणारा कोळी. संपाच्या दुसऱ्या वर्षी बाबा तिथे फाटलेली जाळी विणून द्यायला जात. मला वाटायचं, घरात चार पैसे यावेत म्हणूनच जातात.

"पहिल्या दिवशी माझी एकूण एक गाठ सुटली. वीस वर्षं कापड विणलेला माणूस मी, आणि हिरामणची आई तोंडाला पदर लावून हसत होती. आठ दिवसांनी दहातल्या चार गाठी सुटायला लागल्या. महिन्याने एखादी. सुटतात त्या कमी होतायत, हे डोळ्यांना दिसायचं. म्हणून पाय आपोआप तिकडे वळायचे."

"आणि एकही सुटेनाशी झाल्यावर?"

"मग कंटाळा आला," बाबा म्हणाले. "मग हिरामणला म्हटलं, आता अख्खं जाळं नवीन करूया."

मी तिथेच भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं. चुकीला गुण द्यायचे नाहीत. चूक कमी होत असेल तर त्या कमी होण्याला गुण द्यायचे. जिथे चूक जराही कमी होत नाही, तो नाका. जिथे चूक उरलेलीच नाही, ते झालेलं काम. दोन्हीकडून निघायचं.

बाबांच्या एका वाक्याने शोध लागला, असं मी म्हणणार नाही. त्याच सुमारास परदेशातही काही जण ह्याच दिशेने जात होते, हे पुढे वाचनात आलं, आणि त्यांचं गणित आमच्यापेक्षा नेटकं होतं. शिवाय सांगणं सोपं, करणं कठीण. गाडीला "कालपेक्षा आज चूक कमी झाली" हे कळायचं तर कालची चूक लक्षात ठेवायला हवी, तीही जागेगणिक वेगळी. आमच्या संगणकाची स्मरणशक्ती फारच तोकडी होती. मी खोलीचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याचा वेगळा हिशेब ठेवला. पहिल्या प्रयत्नात भिंगरीला इतक्या लवकर कंटाळा यायला लागला की ती जागच्या जागी गरगर फिरायची. सर म्हणाले, "नाव सार्थ केलंन."

अडीच महिन्यांनी, एका दुपारी, भिंगरी पिंपळापाशी गेली. सात-आठ मिनिटं तिने पानं पाहिली. मग वळली, पिंपळाकडे पाठ केली आणि कचऱ्याच्या टोपलीकडे निघाली. आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतो. देवधर सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, आणि चष्मा पुसून झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिले.

पुढच्या आठवड्यात तिने आणखी एक गोष्ट केली. टोपली ढकलली की ती कुठे जाते हे तिला एव्हाना चांगलं माहीत झालं होतं. आता आम्ही तिला कपाट गाठण्याचेही गुण लावले होते, आणि तिकडे जाणारी वाट टोपलीनेच अडली होती. भिंगरी थांबली. तिच्या आत काय चाललंय ते आम्हाला पडद्यावर दिसायचं: ती वेगवेगळ्या हालचाली मनातल्या मनात करून पाहत होती. मग तिने टोपली बाजूला सारली आणि कपाट गाठलं. आधी उगाचच केलेला खेळ नंतर बेत आखायला उपयोगी पडला होता. समिती आली तेव्हा गॅलरीचा दरवाजा मी मुद्दाम सताड उघडला. काम चालू राहिलं.

आता ज्या गोष्टीचा मला अभिमान कमी आणि खंत जास्त, ती सांगते.

भिंगरीची बातमी छापून आली आणि एक दिवस दादरचे साड्यांचे व्यापारी छबीलशेठ जिना चढून आले. खुर्चीत बसून त्यांनी आधी घाम पुसला. "बेन, तुमचा कॉम्प्युटर नवीन गोष्टी शोधतो ना? मग मला साडीचा नवीन काठ काढून द्या. कोणीच बघितला नाय असा."

सर नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "कुतूहलाच्या पुढची पायरी तीच. काहीतरी नवं घडवणं. करून पाहू."

जुन्या काठांचे शेकडो नमुने आम्ही यंत्रात भरले. त्याला सांगितलं, ज्याचा अंदाज आधीच बांधता येतो असा काठ काढू नकोस. त्याने आज्ञा तंतोतंत पाळली. जे निघालं ते खरंच कुणी पाहिलेलं नव्हतं. पोह्यांवर कोथिंबीर सांडावी तसे ठिपके, मध्येच अर्धी कोयरी, मग काहीच नाही. नवं सगळं होतं, पण काठ एकही नव्हता.

"आमच्या गिरणीच्या डिझाइन खात्यातला पेडणेकर आहे की," बाबा म्हणाले. "त्याला विचार."

पेडणेकर मास्तर संपानंतर चिंचपोकळीला दुकानांच्या पाट्या रंगवून देत. सातवीपर्यंत शिकलेले, बारीक अंगाचे, बोटांच्या पेरांत रंग बसलेला. आमचे छापील काठ त्यांनी डोळ्यांजवळ धरले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे विणणार कोण?"

"म्हणजे?"

"हा बघ धागा. इथून सुटला तो पार इथे येऊन पकडलास. मधे मोकळा लोंबतोय. बाईच्या बांगडीत अडकला की साडी फाटली." मग त्यांनी दुसरा कागद उचलला. "आणि ह्याच्यात डोळ्याला बसायला जागा कुठाय? हे बघ सरू, तीच गोष्ट एकदा दाखवायची, दोनदा दाखवायची. तिसऱ्यांदा बघणारा म्हणतो, हां, कळलं. तेव्हाच मोडायची. आधी मोडलीस तर त्याला गोंधळ वाटतो. उशिरा मोडलीस तर तो झोपतो."

मी त्यांना खुर्ची दिली. दोन महिने ते रोज दुपारी यायचे. ते बोलायचे आणि मी त्याचे नियम करून यंत्रात घालायचे. तिसऱ्या वेळेनंतरच मोडायचं, मोकळा धागा चौकटीच्या कागदावरच्या अमुक घरांपेक्षा लांब नको, जड नक्षीच्या शेजारी हलकी जागा. काठ सुधारत गेले. एकदा यंत्राने कोयऱ्यांच्या रांगेत एक कोयरी उलटी काढली. मी ती खोडणार होते. मास्तरांनी माझा हात धरला. "थांब. ही माझ्या हातून तीस वर्षांत झाली नसती." ते तासभर त्या कागदाकडे पाहत बसले. मग त्यांनी पेन्सिलीने मागची जमीन, म्हणजे नक्षीमागचा मोकळा भाग, बदलली, उलट्या कोयरीच्या शेपटाला दोन पानं जोडली, आणि एकाएकी असं वाटलं की सगळी रांग तिच्यासाठीच थांबली होती.

ती साडी विणली गेली आणि खपलीही. छबीलशेठनी दुकानात मोठी पाटी लावली: संपूर्ण कॉम्प्युटरने काढलेला काठ. वर्तमानपत्रातून एक बाई माझी मुलाखत घ्यायला आल्या. त्यांनी विचारलं, "हे सगळं यंत्राने स्वतःहून केलं?" हो म्हटलं तर गोष्ट छान होत होती. सर शेजारी बसले होते. मी म्हटलं, "हो, त्याच्या कुतूहलातूनच."

बातमी रविवारी आली. सोमवारी मास्तर आले नाहीत, मंगळवारीही नाहीत. बुधवारी जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "पेडणेकर भेटला होता. पेपर वाचला म्हणाला."

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी काय नाय."

मी ताट बाजूला सारलं. नवीन यंत्रं आली की माणसं लागणार नाहीत, हे मी लहानपणापासून गिरणगावात ऐकत आले होते. इथे तर माणूस लागला होता, माझ्या डोळ्यांदेखत लागला होता, आणि मीच तो पुसून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी चिंचपोकळीला गेले. मास्तर एका औषधांच्या दुकानाची पाटी रंगवत होते. ब्रश खाली न ठेवता म्हणाले, "ये."

"मास्तर, माझं चुकलं."

त्यांनी एक अक्षर पूर्ण केलं. "राग नाही गं. गिरणीत मी इतके काठ काढले, बाजारात साडी दिसली की ओळखायचो. एकावर नाव नाही. ते मालकाचं कापड होतं, मी पगारी माणूस. ते कधी मनाला लागलं नाही." मग ते माझ्याकडे वळले. "पण तू मला खुर्ची दिलीस ना. म्हणून वाटलं, इथली रीत वेगळी असेल."

मी तिथून थेट सरांच्या टेबलापाशी गेले. कामाचा अहवाल छपाईला जायचा होता. मी म्हटलं, "लेखकांत मास्तरांचं नाव घालायचं आहे."

"आभारात घालू," सर म्हणाले. "सरोज, तो शास्त्रीय अहवाल आहे. त्यांना त्यातली एक ओळ वाचता येणार नाही."

"त्यातला अख्खा चौथा भाग त्यांनी बोलून सांगितला आणि मी फक्त उतरवला. ती तीनदा दाखवून मोडण्याची कल्पना तुमची आहे का, सर? माझी आहे का?"

सरांशी मी कधी असं बोलले नव्हते. ते चिडले. म्हणाले, लोक हसतील. मी म्हटलं, मग माझंही नाव काढा. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी सर स्वतः मास्तरांना बोलवायला चिंचपोकळीला गेले, हे मला नंतर कळलं. तिथे त्यांचं काय बोलणं झालं ते दोघांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुपारी मास्तर आले आणि आपल्या खुर्चीत बसले, तेव्हा सरांनी अहवालाच्या पहिल्या पानावर आपल्या हाताने तिसरं नाव लिहिलं.

वर्तमानपत्राला मी पत्र पाठवलं. ते आतल्या पानावर चार ओळींत आलं. मूळ बातमी ज्यांनी वाचली त्यांतल्या किती जणांनी ते पाहिलं असेल, कोण जाणे. छबीलशेठनी मात्र पाटी उतरवली नाही. "बेन, माणसाने काढलेला काठ तर सगळेच विकतात," ते म्हणाले. ती पाटी पुढे बरीच वर्षं होती. दादरला गेले की मी त्या बाजूचा फुटपाथ टाळायचे.

मास्तरांनी त्यानंतर आमच्याकडे सहा वर्षं काम केलं, सल्लागार म्हणून, रीतसर. यंत्राने काढलेले काठ ते परीक्षेचे पेपर तपासावेत तसे तपासायचे, आणि क्वचित एखाद्यापाशी थांबून म्हणायचे, "ह्याने आज डोकं लावलंन." तेवढं ऐकलं की माझा दिवस सार्थकी लागायचा.

अहवाल छापून आला त्या दिवशी मी पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी हात धोतराला पुसले. इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत ते माझ्या आणि सरांच्या नावापुढे गेले, तिसऱ्या नावापाशी थांबले आणि ओठांत अक्षरं जुळवायला लागले. मग त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हे पेंडेकर छापलंय."

खरंच चुकलं होतं. तिघांनी मुद्रितं तपासली होती आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी काहीतरी बोलायला लागले, दुरुस्ती छापू, चिठ्ठी चिकटवू. मास्तरांचं लक्ष नव्हतं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं, आणि पाटी रंगवताना यायचा तसा हात अगदी स्थिर ठेवून उलटसुलट झालेली ती दोन अक्षरं नीट केली. कागद लांब धरून पाहिला.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "बाकीच्या प्रती आण. किती आहेत?"

दोनशे होत्या. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी सगळ्या दुरुस्त केल्या, आणि एकही मला करू दिली नाही.